धक्का न देणारी गाडी

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. काकूंच्या पाठीतला एक मणका खालच्या मणक्यावर बसला होता. ओल लागली की खोक्यांच्या थप्पीतलं खालचं खोकं दबतं आणि वरची सगळी थप्पी एका बाजूला कलते, तसं ते दिसत होतं. मला फिल्म वाचता येत नाही, पण थप्पी कललेली कळते.

"हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "कोल्हापूरला मणक्याच्या डॉक्टरांकडे न्यावं लागेल. एकदा नेऊन भागायचं नाही, दर महिन्या-दीड महिन्याला जावं लागेल. आणि नेताना धक्का बसता कामा नये. एखादा मोठा खड्डा लागला तरी पाय जाऊ शकतात."

"जाऊन जाऊन कुठे जातील?" काकू म्हणाल्या. "मला सोडून त्यांना विचारणार कोण?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. दवाखान्यातून काकूंना घरी आणताना रिक्षा पावला-पावलाने चालवायला लावली आणि मी पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसून फक्त रस्ता बघत राहिलो. ज्या रस्त्याने इतकी वर्षं माल नेला, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

काकू माझ्या रक्ताच्या कोणी नाहीत. मी जतकडचा. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणायचं एवढंच, मेंढरांमागे जायला घरात कुणीतरी लागत होतं. पुढे एका मुकादमाबरोबर आंब्याच्या हंगामाला रत्नागिरीला आलो. हंगाम संपला, बरोबरची माणसं परत गेली, मी काकूंच्या शेडमध्येच राहिलो. त्या तेव्हा एकट्या बाग बघायच्या. यजमान वारलेले, मुलगी लग्न होऊन परदेशात. रिकाम्या शेडमध्ये पेंढ्यावर बसलेला मी दिसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गावाला नाही जायचं का रे?" मी म्हणालो, नाही. "जेवलास?" मी म्हणालो, नाही. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं म्हणून त्या हसल्या आणि आत जाऊन ताट घेऊन आल्या. मऊ भात आणि कुळथाचं पिठलं. आज माझ्याकडे जे आहे, म्हणजे करारावर घेतलेल्या बागा, वाशीच्या बाजारात माझ्या नावाने जाणारा माल, बायको, वरच्या रस्त्याला बांधलेलं घर, ते सगळं त्या ताटातून आलं असं मी धरून चालतो. म्हणून भीतीही वाटते. ताटातून आलेलं ताटाबरोबर जातं, असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही, पण मला तसं वाटतं.

कोल्हापूरचा रस्ता म्हणजे हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. डोंगर असे उभे कापलेत की वरच्या झाडांची मुळं हवेत लोंबतात. झाड अजून उभं असतं, पानं हिरवी असतात, त्याला अजून पत्ता नसतो. आज इकडून वळवलेला रस्ता आठवड्याने तिकडून वळवतात, त्यामुळे कालचा पाठ केलेला खड्डा आज उपयोगाचा नाही.

मी आधी रुग्णवाहिकेचं बोललो. काकूंनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"आमच्या आळीतनं त्या गाडीत आडवी होऊन गेलेली किती माणसं परत आल्येत ते मोज," त्या म्हणाल्या. "मी बसून जाईन. बसून जाईन आणि बसून येईन. नाहीतर जात नाही."

मग गाडी घ्यायचं ठरलं. माझ्याकडे होती ती मालाची पिकअप. रिकामी असली की दगडावर चढल्यासारखी उडते. पैशाचं मी इथं लिहीत नाही. प्रश्न होताच, पण तो मोठा नव्हता. मोठा प्रश्न असा की कुठली.

आमच्या धंद्यात सगळ्यांकडे एकच गाडी असते. लांब, उंच, पांढरी, सात माणसांची. बागेच्या कच्च्या वाटेवर चढते, मागची बाकं पाडली की खोकी बसतात, बिघडली तर एमआयडीसीत तिचं वर्कशॉप आहे, आणि ते बंद असलं तरी रस्त्यातला कुठलाही मिस्त्री तिचं बॉनेट उघडतो. बायकोचा सगळा कल तिकडे. तीही जतकडचीच.

"आवो, मोठीच घ्या. आपल्याकडं जायचं म्हटलं तर माणसं बसली पायजेत का नको? आन् घाटात बंद पडली तर त्या म्हातारीला घेऊन कुठं बसणार?"

तिचं चूक नव्हतं. पण त्याच आठवड्यात दवाखान्याच्या आवारात मी दुसरी गाडी पाहिली. लहानशी, जमिनीपासून बेताची उंच, महागड्या बनावटीची. तिच्यातून काठी घेतलेले एक गृहस्थ उतरले. त्यांना चढावंही लागलं नसणार, उतरावंही लागलं नाही. दार उघडलं, बसल्या जागी वळले, दोन्ही पाय जमिनीवर, उभे. दार लागलं त्याचा आवाज आमच्या शेडमधल्या पेंढ्यावर आंबा ठेवावा एवढाच.

घरी येऊन मी दोन्ही गाड्या मनात मांडायला लागलो. काकूंचं घर खालच्या अंगाला. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्याच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे बुटक्या दगडी भिंतींमधून, वाट जाते. मोठी गाडी त्या वाटेत शिरत नाही; काकूंना चढ चढून वर यावं लागणार. लहान गाडी अंगणात उतरते. मोठीत चढायला पाय उंच टाकावा लागतो, आणि त्यांना तर वाकायचीसुद्धा बंदी. लहानीची बैठक कमरेइतकी. पण लहानीचं शोरूम कोल्हापूरला, वर्कशॉप कोल्हापूरला, सगळंच घाटापलीकडे. शिवाय लोक. हातखंब्याच्या टपरीवर चहा पिताना एका व्यापाऱ्याला कुठून कळलं कोण जाणे.

"काय शेठ, ऐकलं ते खरं का? आता आंबे सुटाबुटात वाशीला जाणार?"

"आंब्यांना नाही, माणसाला घेतोय."

"मग माणूस पिकलेलं असणार," तो म्हणाला, आणि सगळे हसले. तो वाईट माणूस नाही. पण पिकलेलं म्हणजे देठातून सुटायला आलेलं, आणि टपरीवर बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

शोरूमचा सेल्समन कोल्हापूरहून गाडी घेऊन दाखवायला आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. काकूंच्या अंगणात गाडी उभी करून त्याने आधी छत उघडून दाखवलं.

"आजी, बसल्या बसल्या आकाश दिसतंय बगा."

काकू ओटीवर पाठीला पट्टा बांधून बसल्या होत्या. "मला आकाश दाखवायची एवढी घाई का झाल्ये रे तुम्हां दोघांना?"

सेल्समनने छत लावून घेतलं. मग मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायला लागला. टायर कसले? मोठ्या चाकाचे, कडेला रबर थोडं. स्पेअर चाक कुठं? "स्पेअर नाही सर. पण हवा गेली तरी टायर चालतो. तसाच बनवलाय." हवा गेल्यावर चालतो म्हणजे कसा चालतो? "चालतो सर. हळू."

गाडी त्याने एका दिवसासाठी माझ्या ताब्यात दिली. तो लॉजवर राहिला. मोठी गाडी एका ओळखीच्या बागायतदाराकडून मागून आणली. आणि मग मी ते केलं जे आमच्या धंद्यातलाच माणूस करेल.

वैशाख संपत आला होता, आढीत शेवटचा माल होता. आढी म्हणजे आंबे पिकवायला भाताच्या पेंढ्यात घातलेली रास. त्यातनं मी तयार झालेले, बोटाने दाबलं तर ऐकणारे हापूस निवडले आणि दोन क्रेटमध्ये उघडेच मांडले. पेंढा नाही, कागद नाही. मागच्या सीटवर, काकू बसणार त्याच जागी क्रेट ठेवलं, पट्टा लावला आणि साखरप्यापर्यंत जाऊन आलो. सकाळी एक गाडी, दुपारी दुसरी. तोच रस्ता, तेच खड्डे. आंबा हे यंत्रापेक्षा बरं, कारण आंब्याला काही विकायचं नसतं.

फक्त आंबा लगेच सांगत नाही. मार लागला त्या दिवशी तो तसाच दिसतो, पिवळा, घट्ट, वासाचा. दोन-तीन दिवस जावे लागतात. मग सालीखाली काळं दिसायला लागतं. वाशीहून माल परत येतो तो असाच, आपण इथं पैज लावून सांगितलेलं असतं की फळ निर्मळ आहे.

ते दिवस मी दोन्ही क्रेटकडे जाऊन बघत होतो. बायको म्हणाली, "परीक्षेला बसल्यागत करायलाय." काकू रोज विचारायच्या, "लागला का निकाल?"

निकाल लागला तो ओटीवर काकूंसमोर. मी विळी घेतली आणि एकेक फळ कापत गेलो. मोठ्या गाडीतल्या बहुतेक फळांना एका अंगाने डाग होते. उथळ, पसरट, पैशाएवढे. ती गाडी वळणावर झुलते आणि फळ एकमेकांवर घासत राहतं. लहान गाडीतली फळं एकामागून एक स्वच्छ निघाली. आत केशरी, दोष नाही. मी काकूंकडे बघून हसायला लागलो होतो. तेवढ्यात तळातलं एक कापलं आणि विळी मऊ जागेत रुतली. एकच डाग, पण कोयीपर्यंत. पालीजवळच्या वळवलेल्या रस्त्यावर एका खड्ड्यात चाक गेलं होतं, ठण्ण झालं होतं. तेवढं एकच. सगळ्या रस्त्यात या गाडीने एकदाच मार दिला होता आणि तो सगळाच्या सगळा एका फळात साठवला होता.

काकूंनी ते अर्धं फळ हातात घेतलं, उजेडाकडे केलं.

"म्हणजे तुझी मोठी गाडी रोज थोडं थोडं मारणार," त्या म्हणाल्या, "आणि ही एकदाच."

"एकदा पण नको, काकू."

"तसली गाडी कुठे मिळत्ये ते बघ मग."

दोन दिवस मी तेच मनात घोळवत होतो. शेवटी हिशेब असा केला, की झुलणं माझ्या हातात नाही, ते गाडीचं. खड्डा चुकवणं माझ्या हातात आहे. गाडी मीच चालवणार होतो. अंगणात शिरते, पाय उंच टाकावा लागत नाही, सगळा वेळ सुखाचा आणि एक खड्डा माझ्यावर सोपवलेला. लहान गाडी घ्यायचं मी ठरवलं. बायकोने एवढंच विचारलं, "आन् तुमचा हात चुकला तर?" मग उत्तराची वाट न बघता ती भाकऱ्या थापायला लागली.

गाडी आली त्या दिवशी पूजा केली. हळदकुंकू, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार. नारळ फोडला तो नासका निघाला. वास आला तसं बायकोने तोंडाला पदर लावला. आमच्याकडं काही लोक म्हणतात नासका निघाला तर वाईट टळलं, काही म्हणतात वाईट येणार. दोन्ही बाजूंची माणसं मी पाहिलीत आणि दोघांचंही खरं ठरलेलं पाहिलंय.

"नारळ नासका निघाला म्हणजे नारळ नासका होता," काकू म्हणाल्या. "दुसरा आण. आणि ते लिंबू चाकाखालनं सरकलंय, ते नीट लाव. उगाच अर्धवट नको."

पहिल्यांदा निघालो तेव्हा आषाढ लागला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांची त्याआधी तारीखच मिळाली नाही. आदल्या दिवशी मी एकटा पिकअप घेऊन साखरप्यापर्यंत जाऊन आलो आणि खड्डे पाठ केले. पालीच्या अलीकडचा, नाणीजच्या उतारावरचे जोडखड्डे, पुलाच्या तोंडाशी तुटलेली कड. सकाळी काकू जरीकाठी लुगडं नेसून तयार. चप्पल घालून, काठी टेकत, अंगणातच गाडीत बसल्या. चढावं लागलं नाही. ते बघून माझे डोळे भरून आले, पण मी मान फिरवली.

पालीपर्यंत गाडी पाण्यावर चालावी तशी चालली. काच वर, बाहेर पाऊस, आत काही नाही. एवढी शांतता मला सोसत नव्हती. पिकअपमध्ये रस्ता पायाला सांगतो, कुठं काय आहे ते. ही गाडी काही सांगतच नव्हती. काकू मागे गुणगुणत होत्या.

"काय रे, बोलत का नाहीस?"

"रस्ता बघतोय."

"रस्ता कुठे पळून चालला नाहीये."

तो मात्र रात्रीत पळाला होता. नाणीजच्या पुढे कालचा रस्ता बंद करून डावीकडे नवा काढला होता. तांबडी माती, कडेने दगड, आणि सगळीकडे एकसारखं पाणी. पाण्याने भरलेला खड्डा आणि पाणी साचलेला सपाट रस्ता दिसायला सारखाच असतो. मी चालायच्या वेगाने घेत होतो. समोरून एसटी आली, मी कडेला घेऊन बाजू दिली, आणि पुढचं डावं चाक खाली गेलं.

ठण्ण. तोच आवाज. क्रेट नेताना ऐकलेला.

मी गाडी थांबवली. मागे वळायचा धीर होईना, म्हणून आरशात बघितलं. काकूंनी खिडकीवरची मूठ धरली होती आणि डोळे मिटले होते.

"लागलं?"

"नाही रे. चल."

"काकू, खरं सांगा."

"खरंच सांगत्ये. दचकले एवढंच. चल, तारीख जाईल."

समोर पिवळा दिवा लागला होता, टायरच्या खुणेचा. उतरून पाहिलं, चाक बसलं होतं. स्पेअर नाही. तिथं फोन लागेना, साखरप्यात त्या मापाचा टायर मिळेना. परत फिरायचं तर तोच खड्डा, पुढे जायचं तर घाट. टायर चालत होता, सेल्समन खोटं बोलला नव्हता. पण हवा गेलेला टायर म्हणजे उघडं हाड. प्रत्येक खडी आत कळत होती. सगळा घाट मी तसा चढलो. मागून ट्रकवाले भोंगे देत होते, धुकं एवढं की कठड्याचे दगड एकेक करून समोर यायचे. बायको म्हणाली होती तेच झालं होतं, फक्त आम्ही बसून राहिलो नव्हतो, चालत होतो. काकू गुणगुणायच्या थांबल्या होत्या.

मलकापूरला पोचून शोरूमला फोन लावला. त्यांनी माणूस पाठवून चाक बदलून दिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय उचलायला लावले, पायाला टोचून बघितलं, सगळं ठीक म्हणाले. इंजेक्शन झालं. परत येताना मी त्या वळवलेल्या रस्त्यावर खाली उतरलो आणि आधी स्वतः पाण्यात चालून बघितलं, गुडघ्यापर्यंत पँट भिजवून. काकू काच खाली करून म्हणाल्या, "मेल्या, पायी नेणार आहेस का मला?"

घरी सुखरूप पोचलो. बायकोने मीठमोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी काकू ओटीवर बसून सोललेल्या फणसाचे गरे वेगळे करत होत्या. "बघ," म्हणाल्या, "आहेत पाय जागेवर." मी हो म्हणालो. पण मला ते पिवळं, घट्ट, वासाचं फळ आठवत होतं, पहिल्या दिवशीचं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी दूध घेऊन गेलो. काकू विहिरीकडून घरात येत होत्या, काठी टेकत, माझ्याकडे बघत, काहीतरी सांगत. अंगणाच्या मधोमध त्यांची डावी चप्पल पडलेली होती. त्या तिच्याशिवाय पुढे आल्या होत्या. अनवाणी पाय ओल्या जांभ्यावर टेकत होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. त्या बोलतच होत्या, शेजारच्या गाईबद्दल.

मी चप्पल उचलून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी खाली बघितलं.

"कधी सुटली?" त्या म्हणाल्या. एवढंच विचारलं.

कोल्हापूरला फोन लावला. "ताबडतोब घेऊन या," डॉक्टर म्हणाले. म्हणजे तोच रस्ता. ज्या रस्त्याने झालं त्याच रस्त्याने न्यायचं. मी अंगणात त्या महागड्या गाडीजवळ उभा राहिलो आणि किल्ली खिशातून काढवेना. बायको धावत आली होती. मी तिला म्हणालो, बागायतदाराची मोठी गाडी मागून आणतो. ती म्हणाली, "ती तर झुलती म्हणून सोडली ना?" मग पिकअप. मग रुग्णवाहिका. माझं काही धड चालेना.

काकू ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होत्या.

"तू भरलेली पहिली पेटी वाशीला कशातनं गेली रे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"ट्रकमधनं."

"ट्रकला स्प्रिंगा होत्या?"

"नावाला."

"माल काळा पडून आला?"

"नाही."

"इतकी वर्षं मी तुला माल भरायला शिकवलं," काकू म्हणाल्या, "आणि तू आंबे उघडे ठेवून गाडीची परीक्षा घेतलीस. मला नेलंस तेही उघडंच, सीटवर ठेवून. पेंढा कोण घालणार, गाडीवाले?"

त्यांनी मला पहिल्या हंगामात शिकवलेलं वाक्य होतं: आंब्याला आंबा लागता नये आणि आंब्याला लाकूड लागता नये. मग पेटी कुठूनही जाऊ दे. ते मी हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवलं आणि काकूंच्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण डोक्यात गाडी शिरली होती.

शेडमध्ये आढीचा पेंढा होता, कोरडा. गोधड्यांच्या खोळी मोकळ्या करून त्यात भरला. फार घट्ट नाही, दाबला तर परत वर येईल एवढाच. पुढची सीट मागे पाडली, खाली जाड थर, कमरेला वेगळी गुंडाळी, दोन्ही अंगांना दोन, मानेला एक. बायकोने आणि मी काकूंना खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि आत सीटवर ठेवलं, आणि उरलेल्या फटी मी हाताने भरत गेलो, बोटांनी चाचपत, जशा पेटीच्या कडा भरतात.

"देठ वर ठेव हो माझा," काकू म्हणाल्या. आवाज पातळ झाला होता.

आडव्या झाल्या होत्या जवळजवळ. ते त्यांच्याही लक्षात आलं असणार. गाडीत चामड्याचा वास यायचा तो गेला आणि शेडचा वास आला.

त्या दिवशीचा रस्ता मला आठवत नाही. खड्डे लागले, चुकवायचे तेवढे चुकवले. दर वेळी मी "काकू?" म्हणायचो आणि त्या "हं" म्हणायच्या. घाटात एका ठिकाणी त्यांनी "हं" म्हणायला उशीर केला. मी गाडी थांबवून वळलो तर त्या वर बघत होत्या, बंद छताकडे.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मणक्याजवळ सूज येऊन नस दाबली गेली होती. मी त्यांना खड्ड्याचं सांगितलं. ते म्हणाले, खड्ड्यानेच झालं असं म्हणता येत नाही. हाडं अशी असली की आपोआपही होतं, आधीच सुरू झालेलं असू शकतं. हापूसमध्ये साका असतो. झाडावरच आत धरलेला दोष, बाहेरून फळ निर्दोष, कापल्याशिवाय कळत नाही, आणि तो कुणाच्या हाताने लागलेला नसतो. डॉक्टर मला तेच सांगत होते. मला त्याने बरं वाटायला हवं होतं.

काकूंच्या पायात जाण हळूहळू परत आली, टाचेकडून. अंगठ्यात नाही आली. आता त्या डाव्या चपलेला मागून पट्टा लावून घेतात. दर महिन्या-दीड महिन्याला आम्ही जातो, त्याच लहान गाडीने, त्याच पेंढ्यात. खोळी आता बायकोने मापाने शिवल्यात. शोरूमचा माणूस गाडी धुताना सीटच्या शिवणींतून काड्या उपसतो आणि विचारतो, "सर, जनावर नेता का हिच्यातनं?" मी नाही म्हणतो. टपरीवर कुणी विचारलं की गाडी घेतल्याचं समाधान आहे का, तर मी आहे म्हणतो, आणि ते खरं आहे. अंगणात शिरते. अजून आम्ही जातोय आणि येतोय.

कोल्हापूरहून येऊन दोन रात्री गेल्या की सकाळी मी कामावर जायच्या आधी त्यांच्या अंगणाच्या गडग्याशी जाऊन उभा राहतो. आत जात नाही. काकू विहिरीकडून येतात तेव्हा चपलांचे दोन आवाज येतात, एक टणक, एक जरा घासत. दोन्ही आले की मी निघतो. मला वाटायचं त्यांना माहीत नाही. परवा घासणारा आवाज यायला वेळ लागला, आणि मी गडग्याच्या दगडावर हात घट्ट धरला, तेव्हा आतून त्या म्हणाल्या, "थांब रे, येत्ये ती डावी."